शिशाऐवजी सागवान: वाड्यांतल्या रंगीत तावदानांची पार्श्वभूमी

नाशिकच्या सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटी या भागांत जे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांतल्या काहींच्या दारा-खिडक्यांवरच्या अर्धगोल कमानीत निळी, हिरवी, लाल, पिवळी तावदाने दिसतात. वाडा पेशवेकालीन म्हणून काचही तेव्हाचीच, असा समज होतो. तो बहुधा चुकीचा असतो. पेशवाईत काच असे ती हंड्या-झुंबरांत आणि आरशांत. खिडकीला लाकडी झडप आणि गज पुरत. तावदानाची काच महाग होती. इंग्लंडने काचेवरचा कर १८४५ मध्ये उठवला, तिथे काच स्वस्त झाली आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई बंदरातला नाजूक माल नाशिकला आणणे सोपे झाले.

युरोपातली चित्रकाच निराळी. तिथे रंगीत काचेचे लहान तुकडे आडव्या छेदात इंग्रजी एच (H) सारख्या दिसणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून, सांध्यांना डाख देऊन चित्र जुळवत. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या काचेवर रंगवून भट्टीत भाजत. मुंबईत अफगाण चर्च आणि राजाबाई टॉवर इथे ही पद्धत बघायला मिळते. इराणात मात्र लाकडाच्या जाळीतच काचा बसवत. शिराझची नासिर अल-मुल्क मशीद १८८८ मध्ये पूर्ण झाली, त्याच वर्षी बोरीबंदरचे स्टेशनही. आपल्या वाड्यांतले काम इराणी पद्धतीच्या जवळचे: काच धरते ती सागवानी चौकट, कारागीर सुतार. म्हणून इथे चित्र नाही, नुसते रंगाचे चौकोन आणि पाकळ्या. ते कमी दर्जाचे मानायचे कारण नाही. उन्हाचा कवडसा जमिनीवर पडला की हिशोब चुकता होतो.

रंग येतो तो काचरसात मिसळलेल्या धातूंमुळे. कोबाल्टने गडद निळा, लोखंडाने हिरवट, मँगनीजने जांभळा. लाल सर्वांत अवघड: तांब्याची लाल काच जाड केली तर काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. तुकड्याची कड उजेडात धरा. रंग एकाच बाजूला रेघेसारखा दिसला तर थराची काच, पूर्ण जाडीत दिसला तर मुरलेला रंग. नखाने किंवा थिनरने सुटला तर आजकालचा लेप. तो उन्हात विटतो.

जुनी काच हलकी लहरी असते, आत बुडबुडे सापडतात. ती खाली ओघळून जाड होते ही निव्वळ दंतकथा. जाडी कमी-जास्त असते ती बनवण्याच्या पद्धतीमुळेच.

बिघाड बहुतेक वेळा काचेचा नसून लाकडाचा आणि लांबीचा असतो. लांबी म्हणजे चौकटीच्या खाचेत काच पक्की करणारा लगदा: खडूची पूड आणि जवसाचे तेल. उन्हाने तेल सुकते, लांबी तडकते, पावसाचे पाणी फटीतून खाचेत उतरते, सागवान फुगते आणि काचेला कोपऱ्यातून दाबते. गडद काच आणखी एका कारणाने फुटते: मधला भाग ऊन शोषून तापतो, चौकटीखालची कड थंडच राहते, आणि कडेला आधीच टवका असेल तर तिथून तडा जातो.

दुरुस्तीत घाई नडते. कडक लांबी पटाशीने उकरली तर काच जाते. आधी जवसाचे तेल लावून मुरू द्यावे, मग थोडी थोडी सोडवावी. नवे तावदान खाचेपेक्षा प्रत्येक बाजूने सुमारे २ मि.मी. लहान कापावे. कोरडी खाच लांबीतले तेल शोषते, म्हणून तिला आधी तेलाचा हात द्यावा. खाली लांबीचा पातळ थर, त्यावर काच, बारीक खिळे, मग वरून उतरती लांबी. रंगाचा हात आठवड्या-दोन आठवड्यांनी, वर साय धरल्यावर, आणि तो काचेवर दोन-एक मि.मी. आलेला हवा, तीच पाण्याची अडवणूक. सिलिकॉन भरायचा मोह टाळा. पुढच्या वेळी काच सोडवायला गेलात की ती अखंड निघत नाही, आणि जुन्या लाल काचेला जोड सापडणे कठीण.