श्वानवर्तनोपचार

पाळीव कुत्रा चावत असेल, एकटा राहू शकत नसेल, आवाजाने बिथरत असेल किंवा इतर कुत्र्यांवर धावून जात असेल, तर त्यामागचे कारण शोधून ते वर्तन बदलण्यासाठी तज्ज्ञाने केलेले निदान व उपचार. पशुवैद्यक, वर्तनतज्ज्ञ आणि ट्रेनर असे तीन निरनिराळे व्यावसायिक या कामात येतात. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवणारे नेहमीचे प्रशिक्षण आणि हा उपचार एकच समजले जातात, पण दोहोंचा हेतू वेगळा आहे. प्रशिक्षणात कुत्र्याने काय करायचे ते शिकवतात. उपचारात एखाद्या प्रसंगी त्याला जे वाटते, विशेषतः जी भीती वाटते, ती बदलायची असते. सगळ्या आज्ञा पाळणारा, मागितला की पंजा देणारा कुत्राही दारात आलेल्या अनोळखी माणसाला चावू शकतो. आज्ञा येतात म्हणून भीती जात नाही.

मालकाला समस्या वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी कुत्र्याच्या दृष्टीने अगदी सरळ असतात. भुंकणे, उकरणे, चपला कुरतडणे, दात येण्याच्या वयातल्या पिल्लाने हात चावणे, अंगावर उड्या मारणे यांत आजार काही नाही. पुरेसे फिरणे, चावायला योग्य वस्तू, घरातल्या सगळ्यांचे एकसारखे नियम आणि एखादा चांगला ट्रेनर एवढ्यावर भागते. कुत्रा माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला चावला असेल वा चावायचा प्रयत्न करत असेल, भांड्याजवळ, खेळण्याजवळ किंवा झोपेच्या जागेजवळ कोणी आले की गुरगुरत असेल, एकटा ठेवल्यावर दार ओरबाडून नखे रक्तबंबाळ करत असेल, स्वतःचा पंजा किंवा शेपूट चाटून-चावून जखम करत असेल, तेव्हा मात्र वर्तनतज्ज्ञ लागतो. घरात लहान मूल असेल तर पहिल्या गुरगुरीलाच मदत मागावी; चावण्याची वाट पाहू नये.

आधी शरीर

वर्तन बदलले की पहिली भेट पशुवैद्यकाची. हा क्रम चुकला तर पुढचे सगळे कष्ट वाया जाऊ शकतात. डॅनियल मिल्स व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी सावध अंदाजानेही सुमारे एकतृतीयांश प्राण्यांत कसले ना कसले दुखणे होते, आणि काही ठिकाणच्या नोंदींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. खुब्याच्या सांध्याची झीज झालेला कुत्रा मागच्या अंगावर ब्रश लागताच वळून दात दाखवतो. कानात संसर्ग असलेला डोक्यावरून हात फिरवू देत नाही. पूर्वी सोफ्यावर उडी मारणारा आता उचलून घेताना गुरगुरतो. घरातले म्हणतात, ‘हल्ली चिडका झालाय.’ तो चिडका झालेला नसतो, त्याला दुखत असते. कुत्रे दुखणे सहसा ओरडून दाखवत नाहीत, त्यामुळे ते वर्षानुवर्षे नजरेतून निसटू शकते.

थायरॉइडची कमतरता, अपस्मार, पोटाचे जुने विकार, कमी होत गेलेली नजर किंवा श्रवणशक्ती यांचाही विचार करावा लागतो. म्हातारा कुत्रा रात्री घरभर फिरू लागला, ओळखीच्या खोलीत कोपऱ्यात अडकून उभा राहू लागला, वर्षांची सवय मोडून घरात लघवी करू लागला, तर तो वार्धक्यातील मेंदूचा विकार असू शकतो. अचानक स्वभाव पालटणे, लाळ गळणे, गिळता न येणे, तोल जाणे ही लक्षणे एकत्र दिसली तर प्रश्न वर्तनाचा नसून रेबीजचा असू शकतो. अशा कुत्र्याला हात न लावता पशुवैद्यकाला कळवावे. कोणाला चावा बसला असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

कोणाकडे जायचे

या क्षेत्राची सर्वांत मोठी अडचण म्हणजे बहुतेक देशांत ‘ट्रेनर’ किंवा ‘बिहेवियरिस्ट’ म्हणवून घ्यायला कायद्याने कुठलेच शिक्षण लागत नाही. दहा-वीस कुत्री सांभाळलेला हौशी माणूस आणि प्राणिवर्तनात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तज्ज्ञ एकाच नावाने पाटी लावू शकतात. पशुवैद्यकीय पदवीनंतर वर्तनशास्त्रात विशेष प्रशिक्षण घेतलेले पशुवैद्यक सर्वांत वरच्या पायरीवर मानले जातात, कारण शरीर आणि मन दोन्ही तपासून ते औषधही देऊ शकतात. अमेरिकेत या विशेषज्ञतेला १९९३ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली. अशा तज्ज्ञांची संख्या सगळीकडेच तुटपुंजी आहे. त्यांच्याखालोखाल प्राणिवर्तनाचे शिक्षण घेतलेले, पण पशुवैद्यक नसलेले वर्तनतज्ज्ञ आणि त्यानंतर ट्रेनर. ट्रेनरसाठी स्वतंत्र परीक्षा घेणारी एक अमेरिकी प्रमाणन संस्था २००१ मध्ये सुरू झाली. तिच्या परीक्षेला बसण्यासाठी ३०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. हा अनुभव ट्रेनरच्या कामाला पुरेसा म्हणता येईल; चावणाऱ्या कुत्र्याचे निदान करायला नाही.

पाटीपेक्षा प्रश्नोत्तरे जास्त सांगून जातात. ‘कुत्र्याने बरोबर केले तर काय करता? चुकले तर काय करता?’ एवढे विचारले तरी पद्धत उघड होते. चुकल्यावर पट्ट्याला झटका देतो, अमुक कॉलर वापरतो असे उत्तर आले, तर पुढे विचारायची गरज नाही. ‘पंधरा दिवसांत सरळ करून देतो, लेखी हमी’ म्हणणाराही टाळावा. सजीवाच्या वागण्याची हमी देता येत नाही आणि चांगला तज्ज्ञ ती देत नाही. कुत्रा काही आठवडे प्रशिक्षकाकडे ठेवून ‘तयार’ करून आणायचा प्रकार सोयीचा वाटतो, पण त्यात दोन दोष आहेत. तिथे कुत्र्याशी कसे वागले जाते ते मालकाला दिसत नाही, आणि ज्या घरात समस्या उद्भवते ते घर जसेच्या तसे राहते.

पहिली भेट

पहिली भेट तास-दोन तासांची असते आणि तिचा बराचसा वेळ कुत्र्यापेक्षा माणसांशी बोलण्यात जातो. पिल्लू कितव्या आठवड्यात घरी आले, हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील प्रदीर्घ संशोधनातून १९६५ मध्ये मांडले, की साधारण ३ ते १२ आठवड्यांचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो. या काळात ज्याने निरनिराळी माणसे, मुले, आवाज, जमिनी अनुभवल्या नाहीत, त्याला पुढे नवे सगळेच धोक्याचे वाटू शकते. यासाठीच पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञ पहिल्या लशीनंतर निदान आठवडा उलटला की, ७-८ आठवड्यांच्या वयापासूनच पिल्लांच्या वर्गाला जायला सांगतात. सगळ्या लशी संपेपर्यंत थांबले तर ही खिडकी बंद झालेली असते.

मग येतात चावण्याच्या प्रसंगांचे तपशील. समजा तक्रार ‘जेवताना अंगावर येतो’ अशी आहे. तज्ज्ञ विचारतो : भांडे कुठे ठेवता? कोण किती पावलांवर आले की तो खायचे थांबवतो? आधी अंग ताठ होते का, डोके भांड्यात खाली जाते का, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसतो का? खाण्याचा वेग वाढतो का? आणि मग तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे असते, की ‘मालक कोण ते कळावे म्हणून मध्येच भांडे काढून घेतो.’ समस्येचे मूळ तिथेच सापडते. माणूस जवळ आला की जेवण जाते हे कुत्र्याने अनुभवातून शिकलेले असते, आणि तो ते जपू लागतो. एकटेपणाच्या तक्रारीत बाहेर पडताना फोन रेकॉर्डिंगवर लावून ठेवायला सांगतात. मालक गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच धापा टाकणे, येरझाऱ्या, दाराशी रडणे सुरू झाले तर ती भीती. तासाभराची झोप काढून उठल्यावर उशी फाडली तर तो बहुधा कंटाळा. दोन्हीकडे फाटलेली उशी सारखीच दिसते, उपाय मात्र वेगळे.

चाव्याची तीव्रताही मोजली जाते. त्यासाठी इयान डनबर या पशुवैद्यकाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी सर्रास वापरतात. दात न लागता केवळ हवेत चावा घेणे ही पहिली पायरी, मृत्यू ही सहावी. दात खोल रुतवून झटके देणाऱ्या कुत्र्याचे भवितव्य आणि कातडीला दात टेकवून सोडून देणाऱ्याचे भवितव्य एक नसते. दुसऱ्याने धोक्याच्या क्षणीही जबड्यावर ताबा ठेवलेला असतो.

उपचार कसा चालतो

सुरुवात व्यवस्थापनाने होते, आणि मालकांना हाच भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो. पाहुणे आले की कुत्रा दुसऱ्या खोलीत, जेवताना मध्ये जाळी, फिरायला शांत वेळ आणि शांत वाट, चावणाऱ्यासाठी जाळीचे मुसके, म्हणजे बास्केट मझल. यात तोंड उघडून धाप टाकता येते, पाणी पिता येते. तोंड आवळून बांधणारे कापडी मुसके फिरण्यासाठी वापरू नये. हा सगळा बंदोबस्त नुसत्या सुरक्षिततेसाठी नसतो. कुत्रा जितक्या वेळा धावून जातो तितकी त्याची ती सवय पक्की होते, म्हणून सराव आधी थांबवायचा.

मुख्य उपचार दोन तत्त्वांवर उभा आहे. भीतीची गोष्ट अगदी सौम्य मात्रेत दाखवून मात्रा हळूहळू वाढवणे हे क्रमबद्ध विसंवेदनीकरण. तीच गोष्ट आवडत्या गोष्टीशी जोडून तिच्याविषयीची भावना पालटणे हे प्रति-अभिसंधान. घंटा आणि अन्न यांची सांगड घालणारे इव्हान पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग यामागे आहेत. पण भीती घालवण्यासाठी ही युक्ती प्रथम माणसावर नोंदवली गेली. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये, सशाला घाबरणारा एक लहान मुलगा आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणत त्याची भीती घालवली. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये या पद्धतीला शिस्तशीर रूप दिले. म्हणजे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून निघालेली कल्पना माणसांना बरे करून पुन्हा कुत्र्यांकडे आली.

प्रत्यक्षात हे असे दिसते. दुसऱ्या कुत्र्याला पाहून पिसाळल्यागत भुंकणारा कुत्रा मोकळ्या मैदानाच्या एका टोकाला उभा आहे. लांबवर एक शांत कुत्रा दिसतो. आपला कुत्रा त्याच्याकडे पाहतो, कान पुढे येतात, पण तोंड सैल आहे आणि पट्टा ढिला आहे. त्याच क्षणी मांसाचा तुकडा, मग आणखी एक, समोरचा कुत्रा दिसतोय तोवर. तो झाडाआड गेला की खाऊ बंद. काही दिवसांनी दुसरा कुत्रा दिसताच आपला कुत्रा आपण होऊन मालकाकडे मान वळवतो. त्यानंतरच अंतर दोन पावलांनी कमी. त्याने खाऊ घ्यायचे नाकारले, किंवा बोटांसकट ओरबाडून घेतला, तर अंतर फार कमी झाले असे समजून मागे यायचे. बरेच मालक याच ठिकाणी चुकतात. कालची प्रगती पाहून आज एकदम जवळ जातात आणि कित्येक दिवसांचे काम एका भुंकण्यात जाते.

शिक्षेचा वाद

‘कुत्र्याला कळपाचा प्रमुख कोण ते दाखवून द्या’ ही शिकवण रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवर बेतलेली आहे. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये ही कल्पना लोकप्रिय केली आणि १९९९ मध्ये स्वतःच दुरुस्त केली : रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, सत्तेसाठी झुंजणाऱ्या परक्यांची टोळी नव्हे. तरीही कुत्र्याला उताणे दाबून धरण्याचे सल्ले अजून दिले जातात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन-चिकित्सालयात आलेल्या १४० मालकांच्या पाहणीत (२००९), ज्यांना मारले वा लाथ घातली त्या कुत्र्यांपैकी ४३ टक्के आणि ज्यांना उताणे दाबले त्यांपैकी ३१ टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमण केले. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तन-संघटनेने २००८ मध्ये या वर्चस्ववादी पद्धतीविरुद्ध आणि २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे.

शिक्षेने वर्तन कधीकधी थांबते, हे खरे. म्हणून तर ती टिकून आहे. पण गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प केले तर भीती तशीच राहते आणि फक्त इशारा नाहीसा होतो. मग तो ‘काही न सांगता’ चावतो. गुरगुर ऐकून मागे व्हावे आणि नंतर तिचे कारण शोधावे, हीच आजच्या बहुतेक वर्तनतज्ज्ञांची भूमिका आहे.

औषधे व मर्यादा

भीती इतकी तीव्र असते, की कुत्रा शिकण्याच्या अवस्थेतच नसतो, तेव्हा औषधाचा आधार घेतात. एकटेपणाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामीनला अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. फटाके व गडगडाटाच्या भीतीसाठी हिरड्यांना लावायचे डेक्समेडेटोमिडीनचे जेल २०१५ पासून उपलब्ध आहे. पहिल्या दोन औषधांचा परिणाम पुरेसा दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि ती सरावाबरोबरच द्यायची असतात. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी देणे घातक ठरू शकते. त्यांतले काही घटक कुत्र्यांना विषारी असतात.

पूर्ण बरा झालेला कुत्रा हा शब्दप्रयोग तज्ज्ञ जपून वापरतात. भीती मंदावते, दोन प्रसंगांमधला काळ लांबतो, प्रसंग कमी होतात; आजारपणात, घर बदलल्यावर किंवा नव्या बाळाच्या आगमनानंतर जुने वर्तन डोके वर काढू शकते. कुत्र्याचा आकार, चाव्याची खोली, इशारा मिळतो की नाही, घरात मुले वा वृद्ध आहेत का आणि घरातले सगळे जण नियम पाळतील का, यांवर पुढचे ठरते. क्वचित, दुसरे घर शोधणे किंवा पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे हेच पर्याय उरतात. चावलेल्या कुत्र्याची हकीकत लपवून तो दुसऱ्याच्या घरी देणे मात्र कुठल्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.