गोंडे भरलेच नाहीत

फेब्रुवारीत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बुलढाणा, जालना किंवा नाशिककडच्या एखाद्या कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटात जाऊन उभं राहा. कमरेएवढ्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोंडे डोलत असतात. एकेका गोंड्यात काहीशे बारीक फुलं, आणि प्रत्येक फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. खत, पाणी, मशागत सगळं वेळेवर झालं तरी त्यातल्या किती धरतील हे शेतकऱ्याच्या हातात नसतं.

कारण कांद्याच्या फुलातले पुंकेसर आधी फुटतात. पराग सांडून गेल्यावर, एक-दोन दिवसांनी, स्त्रीकेसर तयार होतं. फुलाचं स्वतःशी लग्न लागत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि हा पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याचा फारसा उपयोग नाही. हे काम मधमाशी करते. संकरित बियाण्याच्या प्लॉटात तर मादी ओळींतल्या फुलांना पराग नसतोच. नर ओळीतली माशी मादी ओळीत गेली नाही तर गोंडा वरून डौलदार दिसतो आणि मळल्यावर हातात फोलपटं राहतात.

बरं, कांद्याचं फूल माशीला फार आवडतं असंही नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं. शेजारी दुसरं काही फुललेलं असेल तर माश्या तिकडे वळतात. त्यामुळे शिवारात माश्या भरपूर होत्या तेव्हा हे पीक निभावून जायचं. माश्या कमी झाल्या की पहिला फटका कांद्याला बसतो. म्हणूनच काही शेतकरी सकाळी गोंड्यांवरून हलका हात फिरवतात, कुणी मऊ कापड फिरवतं. एक-दोन गुंठ्यांत हे जमतं, दोन एकरांत नाही. शिवाय कांद्याचं बी वर्षभरापलीकडे नीट उगवत नाही, म्हणजे यंदाची तूट मागच्या साठ्यातून भरून काढता येत नाही.

मधमाश्या कमी होण्याची गोष्ट आपण बहुतेक वेळा अमेरिकेची ऐकतो. 2006 च्या हिवाळ्यात तिकडच्या पेट्यांमधल्या कामकरी माश्या अचानक नाहीशा झाल्या. राणी, पिल्लं आणि मध मागे तसंच. मग ‘मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवलेलं वाक्य आपल्याही फोनवर फिरू लागलं. तो असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. ज्वारी, गहू, तांदूळ यांना माशी लागत नाही. भाकरी मिळेल. तिच्याबरोबरचं काय काय जाईल ते मात्र मोजून पाहावं: दोडकं, कारलं, भोपळा, काकडी, कलिंगड यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि खुरासणी या तेलबियांच्या पिकाला स्वतःचा पराग चालतच नाही.

आपली गोष्ट वेगळी आहे. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाय सॅकब्रूड या विषाणूने सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माशीच्या वसाहतींचा फडशा पाडला. रोगट अळी कोषात जायच्या आधीच मरते आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत मधपाळांच्या पेट्या ओस पडल्या आणि पुढे अनेकजण युरोपीय मेलिफेरा माशीकडे वळले. हे नुकसान निदान दिसलं तरी, कारण पेटी रिकामी झाली की मालकाला कळतं.

आपल्या शिवारातलं बरंचसं काम मात्र पेटीबाहेरच्या माश्या करत आल्या आहेत. उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं टांगणारी आग्या, आणि बांधावरच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. दोघी उघड्यावर राहतात, पेटीत नांदत नाहीत. आग्या दोन-तीन किलोमीटर सहज जाते, चांदण्या रात्रीसुद्धा फुलांवर फिरते. फुलोरीचा फेरा लहान, म्हणून तिला बांधच लागतो. आणि आपण बांधाचं काय केलं? ट्रॅक्टर वळायला अडचण नको म्हणून कोरून कोरून वीतभर केला, उरलेल्यावर तणनाशक मारलं. बोर, बाभूळ, करंज तोडली. आग्या मोहोळाला टेंभा लावून जाळायची रीत अजून गेलेली नाही, आणि शहरात गॅलरीबाहेर मोहोळ दिसलं की सोसायटी फवारणीवाल्याला बोलावते.

या सगळ्यात मला औषधाचा मुद्दा सर्वांत वरचा वाटतो. कांद्यावर फुलकिडे येतात आणि नेमक्या फुलोऱ्यात फवारणी होते. माशी तिथल्या तिथे मरून पडली तर निदान दिसते. पण निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं कीटकाच्या मज्जासंस्थेवर काम करतात. 2012 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून पाहिलं. याच गटातल्या थायामेथोक्झामची, मारणार नाही इतकी मात्रा मिळालेल्या बऱ्याच माश्या घरी परतल्याच नाहीत. माशी मेली नव्हती, वाट चुकली होती. युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

आता बीजोत्पादक भाड्याने मेलिफेराच्या पेट्या आणतात. उपाय चांगला आहे, बी धरण्यात फरक पडतो. पण पेट्या ठेवणाऱ्याला भीती असते ती शेजारच्या फवारणी पंपाची. माशी गट नंबर बघून उडत नाही. ज्या गावांत हे नीट चालतं तिथे फवारणीच्या आदल्या दिवशी फोन जातो, मधपाळ अंधार पडल्यावर पेट्यांची दारं बंद करतो किंवा पेट्या उचलतो, आणि पंप सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, सुरू होतो. संध्याकाळी फवारणी केली तर बांधावरच्या फुलोरीलाही त्याच रात्रीची उसंत मिळते. तिला कुणी फोन करत नाही आणि तिचं पोळं उचलून नेणाराही कुणी नाही, सकाळी ऊन चढलं की ती त्याच गोंड्यांवर येणार असते.