चांदीच्या कणांवर रंग बसवताना

माशांच्या टाकीत बुरशी धरली की चार थेंब टाकतात ते निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. घरी होलोग्रामच्या, म्हणजे लेझरने वस्तूचं उभं चित्र टिपणाऱ्या, काचा करायला घेतल्या तेव्हा काचेला लेझरचा प्रकाश दिसावा म्हणून घालायचा डाय, म्हणजे रंग, मी पहिल्यांदा तोच निवडला. हिशेब सरळ वाटला होता. माझा हेलियम-निऑन लेझर लाल, 632.8 नॅनोमीटरचा. मेथिलीन ब्लू लाल प्रकाश भरपूर शोषतं, त्याचं शिखर 664 नॅनोमीटरच्या आसपास. काच सुरेख निळी झाली. लेझरखाली ठेवली, डेव्हलपरमध्ये घातली, आणि काहीच उमटलं नाही. प्रकाश दुप्पट केला, चौपट केला, तरी काच कोरीच राहिली.

फोटोच्या जुन्या फिल्मसारखंच या काचेतही जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. हे कण मुळात लाल-हिरव्या प्रकाशाला आंधळे असतात. हे कण म्हणजे बारीक स्फटिकच, आणि त्यांच्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे 2.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. निळ्या प्रकाशाच्या कणात तेवढी ताकद असते, लाल लेझरच्या कणात मात्र 1.96 च. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तो याचमुळे. मग लाल लेझरने होलोग्राम घ्यायचा तर मध्ये कुणीतरी हवं, जे लाल प्रकाश स्वतः शोषेल आणि आपला उत्तेजित इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या हाती देईल. ते काम डायचं.

ही गोष्ट 1873 साली बर्लिनमध्ये फोटोग्राफीचे रसायनतज्ज्ञ हेरमान फोगेल यांना जवळजवळ अपघाताने सापडली. त्यांच्याकडच्या काही काचा निळ्यापेक्षा हिरव्या प्रकाशाला जास्त दाद देत होत्या. शोध घेतला तर काचेत प्रकाश परत फिरून पसरू नये म्हणून घातलेला पिवळा रंग त्याच्या मुळाशी निघाला. पुढच्याच वर्षी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी पानांमधल्या हरितद्रव्यानेही काचेला लाल प्रकाश दिसतो हे दाखवलं. पालकाची भाजी निवडताना मला हे हटकून आठवतं.

तर मेथिलीन ब्लूचं काय बिनसलं? शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात ‘निळी बाटली’ पाहिली असेल. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मेथिलीन ब्लू घातलं की बाटली हळूहळू रंगहीन होते, हलवली की पुन्हा निळी. रंग जातो, कारण मेथिलीन ब्लू ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन झटकन घेतं. घ्यायचीच ओढ असलेला रेणू देणार काय? उलट प्रकाशाने स्फटिकात मोकळा झालेला इलेक्ट्रॉनही तोच गिळून बसतो. फोटोग्राफीत अशा रंगांना संवेदनशीलता मारणारे रंग म्हणतात, आणि मी नेमका त्यातलाच एक उचलला होता. शोषणाचं शिखर लेझरच्या जवळ असणं ही निवडीतली सगळ्यांत सोपी अट आहे, नवा माणूस नेमका तिच्यावरच थांबतो.

दुसरी अट चिकटण्याची. डायचा रेणू कणाच्या पृष्ठभागाला बिलगलेला हवा. जिलेटिनमध्ये नुसता तरंगत राहिला तर तो प्रकाश खातो, देत काहीच नाही, रंगीत गाळणीसारखा वाट अडवून बसतो. हे बिलगणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवा, फायान्सची अनुमापन पद्धत. ब्रोमाइडच्या द्रावणात इओसिन घालून वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत गेलं की एका थेंबाला साका एकदम लालसर-जांभळा होतो. ब्रोमाइड संपून चांदीचे आयन वरचढ झाले की कणांवर धन भार येतो आणि ऋण भाराचं इओसिन त्यांना जाऊन चिकटतं. आपण तिथे फक्त अंतिम बिंदू लिहून मोकळे होतो, पण डाय बसवण्याचं अर्धं शास्त्र त्या शंकूपात्रात असतं.

घरी करायला सोपी पद्धत अशी: काचेवरचा जिलेटिनचा थर आधी सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवायचा, वाळवायचा, मग ब्रोमाइडच्या द्रावणात बुडवायचा. कण थरातच जन्माला येतात. इथे शेवटी ब्रोमाइड जास्त असतं, म्हणजे कणांवर ऋण भार. धन भाराचे सायनिन जातीचे डाय त्यांवर आपसूक बसतात. (सायनिन म्हणजे सायनाइड नव्हे. निळ्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं. हातमोजे मात्र घालाच, आणि डाय विरघळवायचं मिथेनॉल विषारी आहे हे विसरू नका.) लाल लेझरसाठी माझा भरवसा पिनासायनॉलवर आहे, 1905 च्या सुमारास जर्मनीत तयार झालेला डाय. अल्कोहोलमध्ये त्याचं शिखर 605 नॅनोमीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे कागदावर तो माझ्या लेझरला कमीच पडतो. पण कणावर बसला की शोषण लांब तरंगांकडे सरकतं आणि 633 त्याच्या टप्प्यात येतं. म्हणून बाटलीतला रंग पाहून डाय निवडू नये, कणावर बसलेला पाहावा.

हिरव्या 532 नॅनोमीटरच्या लेझरला एरिथ्रोसिन चालतं. हा भारतात मंजूर असलेला खाद्यरंग आहे, पाकिटांवर आयएनएस 127 या क्रमांकाने येतो तो. तरी किराणा दुकानातली पुडी आणू नका. त्यात बहुधा मीठ मिसळलेलं असतं, आणि त्यातलं क्लोराइड चांदीला धरतं. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचंच घ्या. ते इओसिनच्या घराण्यातलं, ऋण भाराचं, म्हणून ब्रोमाइड धुऊन काढल्यावर वेगळ्या अंघोळीत देतो. पाणी डिस्टिल्डच.

आता किती घालायचा? इथे होलोग्राम आणि फोटो यांच्या वाटा वेगळ्या होतात. समोरासमोरून येणाऱ्या दोन लेझर किरणांनी थरात उजेड-अंधाराचे जे पट्टे उमटतात, तेच होलोग्राम, आणि त्यांच्यातलं अंतर साधारण 200 नॅनोमीटर. ते टिपायचे तर कण 20 नॅनोमीटरच्या आसपास हवेत. एक ग्रॅम सिल्व्हर ब्रोमाइडचे एक मायक्रॉनचे, म्हणजे हजार नॅनोमीटरचे, गोल कण केले तर त्यांचं एकूण पृष्ठफळ एक चौरस मीटरही भरत नाही, एका लहानशा चटईएवढं. तेच 20 नॅनोमीटरचे केले तर 46 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 500 चौरस फूट: पुण्यात आपण ज्याला वन बीएचके म्हणतो तेवढी फरशी एका ग्रॅममध्ये! एवढी फरशी रंगवायला डाय साहजिकच जास्त लागतो. पण सगळी रंगवायची नाही. थर गच्च झाला की रेणू एकमेकांच्या आड येतात, संवेदनशीलता उतरते, आणि प्रकाश थराच्या तळापर्यंत पोचत नाही. मी अल्कोहोलमध्ये हजारास एक असं द्रावण करून थोडं थोडं वाढवत जातो. प्रत्येक वेळी काचेची एक पट्टी पुठ्ठ्याने झाकत 2, 4, 8, 16 सेकंद प्रकाश देतो. काळेपणा वाढायचा थांबून घसरू लागला की मागच्या पायरीवर येतो.

ही खटपट नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला फार जवळची आहे. कण जितके बारीक तितका प्रकाश जास्त लागतो, आणि त्या सगळ्या वेळात काच आणि वस्तू एकमेकींच्या मानाने तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाएवढ्याही हलायला नकोत. स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेलं वाळूचं टेबल पुष्कळ धक्के पचवतं, पण लक्ष्मी रस्त्यावरून बस गेली की पट्टे पुसले जातात. मी रात्री दोननंतर बसतो, आणि गणपतीचे दहा दिवस काम बंद. डाय नीट बसला तेव्हा माझं एक्स्पोजर 40 सेकंदांवरून 12 वर आलं, आणि पितळी बाळकृष्णाचा हात पहिल्यांदा काचेमागे उभा राहिला.

काच धुतल्यावरही पिनासायनॉलचा जांभळट डाग राहतो. तो अल्कोहोलच्या अंघोळीत निघतो, दोन-तीन वेळा बदलावी लागते. त्यानंतर थर आक्रसतो, पट्टे जवळ येतात (दिसणारा रंग त्यांच्यातल्या अंतरावर ठरतो), आणि लाल लेझरने घेतलेला बाळकृष्ण हिरवा दिसू लागतो. जुलैत हवा दमट झाली की जिलेटिन फुगतं. गेल्या पावसाळ्यात तो पिवळ्यापर्यंत पोचला होता, दिवाळीला परत हिरवा.