मुक्तिसदन (केडगाव)

मुक्तिसदन : दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया यांच्यासाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे उभारलेली वसाहत. केडगाव हे पुणे–दौंड लोहमार्गावरील स्थानक. आज ते दौंड तालुक्यात मोडते. संस्थेच्या स्थापनेच्या वेळी या तालुक्याला भीमथडी म्हणत. मुक्तिसदनाची माहिती बहुधा रमाबाईंच्या चरित्राचा उत्तरार्ध म्हणून दिली जाते किंवा धर्मांतराच्या वादाची पुरवणी म्हणून. बायकांनी बायकांसाठी चालविलेली, शेतीपासून छापखान्यापर्यंत सर्व कामे अंगावर घेणारी वस्ती ही तिची ओळख मात्र त्यात मागे पडते.

स्थापनेचा काळ : संस्थेच्या आरंभासाठी निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी साले आढळतात. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. त्या परंपरेत मोजणारे १८८९ हे साल धरतात. शारदासदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती मुदत संपल्यावर उत्पन्नाची सोय असावी म्हणून केडगावला जमीन घेऊन तीत फळबाग लावण्यात आली. ही खरेदी १८९५ च्या आसपासची. दुष्काळग्रस्त मुली तेथे राहावयास आल्या त्या १८९७ मध्ये, आणि पक्क्या इमारती उभ्या राहून मुक्तिसदन हे नाव रूढ झाले ते १८९८ मध्ये. नावापुरते पाहिल्यास १८९८ हेच साल घ्यावे लागते. पण वसाहत म्हणून ती १८९७ पासून नांदती होती, असे मानणे अधिक युक्त दिसते. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसांची वस्ती करण्याचा बेत मुळात नव्हता, ही गोष्ट चरित्रग्रंथांत क्वचितच ठळकपणे येते.

रमाबाईंचा पूर्वानुभव : मुक्तिसदनामागील प्रेरणा रमाबाईंच्या स्वतःच्या उपासमारीत शोधली जाते व ते योग्यच आहे. मात्र तिच्या कालनिर्णयात घोळ आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे तिघेही थोड्या थोड्या अंतराने गेले. अनेक संदर्भग्रंथ हे मृत्यू १८७६–७८ च्या दक्षिणेतील महादुष्काळाशी जोडतात आणि त्याच वाक्यात रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, असेही सांगतात. त्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा असल्याने या दोन विधानांचा मेळ बसत नाही. सोळावे वर्ष १८७४ मध्ये पडते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी काही वर्षे पायी भ्रमंती केली आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. हे लक्षात घेता १८७४ हे साल स्वीकारणेच बरे. तसे केल्यास आणखी एक गोष्ट उलगडते : महादुष्काळ अधिकृतपणे जाहीर होण्याआधीच हे कुटुंब उपाशी होते. पुराणे सांगून तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या घराची पुंजी दानधर्मात व यात्रांत संपली होती. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. पाऊस न पडणे हे त्यांच्या उपासमारीचे एकच कारण नव्हते.

या काळातील दोन प्रसंग रमाबाईंच्या आठवणींतून सर्वत्र उद्धृत होतात. आईला स्मशानात नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात. कशीबशी दोन माणसे मिळाली, तेव्हा श्रीनिवास व रमाबाई यांनी उरलेला भार घेतला. उंची कमी असल्याने रमाबाईंना तिरडीचे टोक खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावे लागले. दुसरा प्रसंग पंजाबात झेलम नदीकाठचा : पांघरूण नसल्यामुळे बहीणभावंडांनी वाळूत माणसाच्या मापाचे खड्डे खणले, त्यात शिरून अंगावर गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि थंडीच्या रात्री काढल्या.

मध्य प्रांतातील फेरी : १८९६ चा पावसाळा फसल्यावर उत्तर व मध्य हिंदुस्थानात पडलेल्या दुष्काळाचा फार मोठा फटका मध्य प्रांताला (इंग्रजी अमलातील नागपूर–जबलपूरकडचा प्रांत) बसला. तेथे त्याआधीची काही वर्षेही नापिकीचीच गेली होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि दरिद्रगृहे व दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी पाहिल्या. लोकप्रिय चरित्रलेखनात त्यांनी बैलगाड्यांचा तांडा घेऊन महाराष्ट्रातील गावोगावच्या हजारो मुली सोडविल्याचे वर्णन येते. त्यांचा स्वतःचा १८९७ मधील वृत्तांत मात्र मध्य प्रांताविषयी आहे आणि त्यात त्यांनी पुढे ठेवलेले उद्दिष्ट तीनशे मुलींचे आहे. समकालीन असल्यामुळे हाच वृत्तांत ग्राह्य मानावा. ‘हजारो’चा आकडा नंतरच्या वर्षांची भर घालून तयार झाला असावा.

या वृत्तांताचे महत्त्व केवळ करुणेत नाही. दुष्काळ संहितेनुसार, म्हणजे दुष्काळी मदतीच्या सरकारी नियमावलीनुसार, छावणीत काम व अन्न मिळत असे, आणि सरकारी कागदोपत्री व्यवस्था तेवढ्यावर पुरी होई. रमाबाईंनी पाहिले ते वेगळे होते. खडी फोडावयास आलेल्या तरुण स्त्रियांना मुकादम, पहारेकरी व द्वारपाल यांच्या मर्जीवर राहावे लागे. धान्य हवे तर अब्रू द्या, असा तो व्यवहार होता. शिवाय छावण्यांभोवती मुली पळविणारे दलाल घिरट्या घालीत. दुष्काळाच्या अधिकृत अहवालांत मृत्यू, मजुरी व पाऊसपाणी यांचे तक्ते भरपूर आहेत. पण स्त्रीला दुष्काळात भुकेखेरीज आणखी कशाची भीती असते, हे या छोट्या वृत्तांताइतके स्पष्ट क्वचितच कोठे लिहिले गेले असेल.

याच सुमारास पुण्यात प्लेग पोहोचला. दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवू देण्यास अधिकारी तयार नव्हते, म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलविले. पहिला मुक्काम राहुट्यांत व गवताच्या छपरांखाली झाला. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्धही रमाबाईंनी त्या वर्षी वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. म्हणजे मुक्तिसदन दुष्काळ व साथ या दोन संकटांच्या सांध्यावर जन्मले; त्यापैकी प्लेगचा वाटा सहसा विसरला जातो.

रहिवासी व संख्या : पुढचा तडाखा १८९९–१९०० चा. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून ‘छप्पनिया’ या नावाने गुजरात–राजपुतान्यात तो अद्याप ओळखला जातो. या वेळी गुजरातेतून मोठ्या संख्येने मुली आल्या. १९०० च्या आसपास केडगावला किती जणी होत्या, याविषयी १,५०० पासून २,००० पर्यंत आकडे दिले जातात. गुजरातेतील मुली येण्यापूर्वीची व नंतरची गणती एकत्र झाल्याने ही तफावत पडली असावी. मराठी, हिंदी व गुजराती बोलणाऱ्या मुली एका छपराखाली आल्या. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला शेतकरी, मजूर व अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलीही आल्या. रमाबाईंच्या कार्याने येथे सामाजिक कूस बदलली.

एवढा पसारा एकटीने आवरणे शक्य नव्हते. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुलीच येथे शिक्षिका व मेट्रन झाल्या. सुंदराबाई पवार या सहकारी, रमाबाईंची कन्या मनोरमा आणि १८९८ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांचा कारभारात मोठा हात होता. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा केडगावची जबाबदारी अब्राम्सबाईंनी सांभाळली. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, स्वयंपाक, शिवण ही कामे मुली शिकत व करीत. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी व वेताचे विणकाम शिकविले जाई. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता.

छापखाना हा या वसाहतीचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणता येईल. खिळे जुळविणे, छापणे, घड्या घालणे व पुस्तक बांधणे ही कामे स्त्रियाच करीत, आणि हे अशा काळात की जेव्हा पुण्यातील छापखान्यांत बाई कंपोझिटर ही कल्पनाही कोणी केली नसती. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार होऊन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले.

वाद : रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या असल्या तरी शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. ते पाळले जात नाही या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केसरीने त्याआधीपासूनच टीकेची झोड उठविली होती. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते, त्यामुळे तेथे वचनभंगाचा प्रश्न उरला नाही. पण दुष्काळात जीव वाचविणे आणि धर्म देणे यांची सांगड घालावी का, हा आक्षेप टिकून राहिला. मीरा कोसंबी व उमा चक्रवर्ती यांच्या अभ्यासानंतर रमाबाईंकडे जात व पितृसत्ता यांच्या टीकाकार म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली असून आक्षेपाचे ओझे त्या मानाने हलके झाले आहे.

१९०५ मधील धार्मिक जागृती हा अभ्यासकांचा दुसरा वादविषय. मुक्तिसदनातील मुलींच्या प्रार्थनासभांत त्या वर्षी भावावेशाची जी लाट उसळली, तिचा पेंटेकोस्टल या, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या उगमाशी काय संबंध, हा प्रश्न आहे. या पंथाचे मूळ लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरील १९०६ च्या सभांत मानण्याचा प्रघात आहे. केडगावची घटना त्याआधीची असल्याने तो एककेंद्री इतिहास अपुरा ठरतो, असे अलीकडील अभ्यासक म्हणतात. वेल्समध्ये १९०४–०५ ला उठलेल्या लाटेची वार्ता केडगावला पोहोचली होती, तेव्हा हा उगम सर्वस्वी स्वतंत्र मानणेही कठीणच. चिलीशी असलेला दुवा मात्र निर्विवाद आहे. अब्राम्सबाईंनी केडगावच्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका शिकागोतील आपली वर्गमैत्रीण मे हूवर हिला १९०७ मध्ये चिलीत पाठविली. ती वाचून हूवर दांपत्याने सुरू केलेल्या चळवळीतून १९०९ मध्ये तेथील पेंटेकोस्टल चर्चचा उदय झाला. धर्मेतिहासाचे ग्रंथ या प्रसंगात पुस्तिकेला महत्त्व देतात. दोघींच्या जुन्या मैत्रीला दिले तरी चालेल.

अन्य संस्थांशी संबंध : महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या प्रवाहाशी मुक्तिसदनाचे नाते धर्मभेदामुळे तुटक राहिले, तरी ते शारदासदनामार्फत होते. शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून त्यांनी कर्व्यांच्या हिंगणे येथील स्त्रीशिक्षणाच्या कार्याला हातभार लावला आणि आपल्या आत्मचरित्रात शारदासदनातील दिवसांच्या आठवणी मोकळेपणाने लिहिल्या.

मनोरमा १९२१ मध्ये व रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. संस्था पंडिता रमाबाई मुक्ति मिशन या नावाने केडगाव येथे आजही चालू असून निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ, शाळा व रुग्णालय ही तिची प्रमुख कामे आहेत.