जुन्या ब्रिटिश मोटारसायकलची फ्रेम मिळाली, आता मूळ नंबर कसा मिळवायचा? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

यूकेमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या मोटारसायकलींचं वेड असलेल्या आपल्या लोकांकडून एक प्रश्न सारखा येतो, की ऑटोजंबलमधून (जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातून) किंवा कुणाच्या शेडमधून जुनी फ्रेम मिळाली, सोबत इंजिन आहे, कागद मात्र अर्धेमुर्धे, तर गाडी परत रस्त्यावर येईल का आणि तिचा पहिला रजिस्ट्रेशन नंबर मिळेल का. येते, आणि नंबरही मिळू शकतो, पण कामं योग्य क्रमाने झाली पाहिजेत. आधी फ्रेमची ओळख, मग कागदांचा शोध, मग रिस्टोरेशन, आणि गाडी पूर्ण उभी राहिली की अर्ज. बरेच जण फ्रेम घरी आल्या आल्या ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला) पाठवतात, आणि फ्रेमवर ठोकलेला जो नंबर सगळ्या अर्जाचा पाया आहे तोच पुसट होऊन परत येतो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

बीएसए गोल्ड स्टारचंच उदाहरण घेऊ. १९३७ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर वॉल्टर हँडलीने बीएसएवर ताशी १०० मैलांच्या वरचा लॅप मारला, त्यासाठी मिळणाऱ्या बिल्ल्यावरून हे नाव आलं, आणि बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून ही गाडी १९६३ पर्यंत निघत होती. आज तिला इतका भाव आहे की साध्या बी३१ किंवा बी३३ च्या फ्रेममध्ये गोल्ड स्टारचं इंजिन बसवून विकलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात. स्विंगआर्मवाल्या (मागचं चाक वर-खाली झुलणाऱ्या दांड्यावर असलेल्या) बहुतेक गोल्ड स्टारच्या फ्रेम नंबरची सुरुवात सीबी३२ अशी असते, गाडी ३५० सीसी असो की ५००, त्यामुळे इंजिनवर डीबीडी३४जीएस, म्हणजे ५०० च्या इंजिनची खूण, आणि फ्रेमवर सीबी३२ दिसलं म्हणून घाबरू नका, ते बरोबरच आहे. दुसरी खूण हाताला लागते, फ्रेमच्या उजव्या बाजूच्या खालच्या नळीला मोठ्या ऑइल पंपासाठी मुद्दाम बाक दिलेला असतो, साध्या फ्रेमला तो नसतो.

इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळत नाहीत म्हणजे गाडी खोटी, हा नियम सगळीकडे लावू नका. बीएसएमध्ये साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कारखान्यातूनच दोन्ही नंबर वेगळे यायचे. ट्रायम्फमध्ये १९६९ पासून नंबराच्या पुढे दोन अक्षरं आली, पहिल्यावरून महिना आणि दुसऱ्यावरून वर्ष कळतं. व्हिन्सेंटची गोष्ट वेगळीच, तिला नेहमीसारखी नळ्यांची फ्रेम नाही, वरचा भाग म्हणजेच ऑइलची टाकी, आणि वरच्या व मागच्या दोन्ही भागांवर नंबर असतो, ते दोन्ही सारखे हवेत. बी आणि सी सिरीजच्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये) इंजिनच्या नंबरात १९०० मिळवले की फ्रेमचा नंबर यायला हवा. एवढी बेरीज विकत घ्यायच्या आधी तिथेच उभ्या उभ्या करता येते, आणि ती करावीच.

फ्रेम नंबर शोधताना हेडस्टॉक (हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी) आणि इंजिनच्या पुढच्या माउंटिंगची लग, म्हणजे इंजिन जिथे बोल्टने बसतं तो कान, ह्या दोन जागा आधी बघा. रंग केमिकल स्ट्रिपरने आणि मऊ ब्रशने काढा, ग्राइंडर किंवा फाइल तिथे लावूच नका. नंबर दिसला की कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा, म्हणजे रबिंग घ्या आणि तिरप्या उजेडात फोटो काढा, रबिंग आणि फोटो दोन्ही पुढे क्लबला लागतात. पावडर कोटिंग करणार असाल तर नंबरची जागा मास्क करायला सांगा कारण तो थर जाड असतो. नंबर पुसट आहे म्हणून स्वतः नवीन पंच करणं मात्र अजिबात नको, एकदा शंका आली की खरी फ्रेमसुद्धा सिद्ध करता येत नाही.

आता अर्ज. डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं यूकेचं सरकारी खातं, याचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा ज्या मालकांनी १९८३ च्या नोव्हेंबर अखेरपर्यंत गाडीची नोंद कळवली नाही त्यांचे नंबर रेकॉर्डमधून सुटले, शेडमध्ये पडलेल्या बहुतेक गाड्या ह्यातल्याच. अशा गाडीला मूळ नंबर परत द्यायची सोय म्हणजे व्ही७६५ स्कीम. अट सोपी वाटते पण कडक आहे: तो नंबर आणि तुमची फ्रेम यांना जोडणारा त्या काळातला पुरावा पाहिजे. नुसती जुनी नंबरप्लेट किंवा आजोबांचा गाडीवर बसलेला फोटो चालत नाही, कारण त्यात फ्रेम नंबर नसतो. सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं लॉगबुक, गाडीचं त्या काळचं नोंदणी पुस्तक. ते नसेल तर त्या काळी कौंटी कौन्सिलं ठेवायची ती रजिस्टरं शोधा, काही कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्ट ह्या संग्रहाकडे आहेत, काही दुर्दैवाने नष्ट झाली. सापडलं तर उताऱ्यावर अर्काइव्हचा शिक्का आणि सही घ्या, मोबाईलवर काढलेला पानाचा फोटो पुरत नाही.

अर्ज थेट डीव्हीएलएकडे टाकायचा नाही, आधी जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबकडे जायचं. क्लबांची यादी व्ही७६५/१ ह्या पत्रकात आहे, त्यात एकेका कंपनीचे क्लब आहेत आणि सगळ्या कंपन्यांसाठी बर्टन अपॉन ट्रेंटचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब आहे, १९४६ साली सुरू झालेला. त्यांच्याकडे कारखान्यांची मूळ रजिस्टरं मोठ्या प्रमाणात आहेत, त्यामुळे तुमचा फ्रेम नंबर कोणत्या तारखेला कुठल्या डीलरकडे गेला हेसुद्धा कधीकधी कळतं, आणि ते वाचताना जो आनंद होतो तो फॉर्म भरायचा सगळा कंटाळा घालवतो. क्लबला भरलेला व्ही७६५ फॉर्म, मूळ पुरावा, पूर्ण जोडलेल्या गाडीचे सगळ्या बाजूंनी ताजे फोटो आणि नंबरची रबिंग द्यायची, ते हवं तर गाडी बघायला येतात, आणि समाधान झालं की फॉर्मवर शिफारस करतात. मग तो फॉर्म, व्ही५५/५ हा वापरलेल्या गाडीच्या नोंदणीचा फॉर्म आणि ओळखपत्राची कॉपी असं सगळं स्वान्सीला, डीव्हीएलएच्या ऑफिसला. नुसत्या फ्रेमवर अर्ज होत नाही. मिळालेला नंबर पुढे दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर निव्वळ नंबर विकायला लोकांनी जुन्या फ्रेमा गोळा केल्या असत्या.

नंबर जोडणारा कागद मिळालाच नाही तरी निराश होऊ नका. फ्रेम खरी आणि त्या काळातली असेल तर क्लबकडून डेटिंग सर्टिफिकेट (गाडी कुठल्या सालची ह्याचा दाखला) घ्यायचं आणि व्ही५५/५ सोबत वयानुसार नंबर मागायचा, तो गाडीच्या काळाला शोभेल असा असतो. ओळख आणि वय काहीच पटवता आलं नाही तर क्यू प्लेट, म्हणजे ओळख किंवा वय नक्की नसलेल्या गाडीला मिळणारा क्यू अक्षराचा नंबर, त्यासाठी गाडीची वेगळी तपासणी पास करावी लागते. आत्ता बनवलेली रेप्लिका फ्रेम वापरून जुन्या गाडीची ओळख घेता येत नाही, दिसायला कितीही हुबेहूब असली तरी.

घरची बीएसए किंवा मॅचलेस भारतातून इकडे आणायचा विचार असेल तर भारतातले निर्यातीचे नियम आधी तपासा, आणि गाडी इथे पोचल्यावर १४ दिवसांच्या आत एचएमआरसीला (यूकेच्या कर खात्याला) नोव्हा, म्हणजे गाडी आल्याची सूचना, कळवा, त्याशिवाय डीव्हीएलए अर्ज पुढे नेतच नाही. पहिल्या नोंदणीची फी ५५ पौंड. भारतातलं जुनं आरसी बुक जपून ठेवा, वय दाखवायला त्याचा उपयोग होतो.

गाडी ४० वर्षांच्या वरची असल्यामुळे हिस्टॉरिक वर्गात रोड टॅक्स शून्य, पण शून्य असला तरी टॅक्स काढावा लागतो. मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) हीही सक्तीची नाही, तरी इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीची एकदा करून घ्याच, ब्रेक आणि हेडस्टॉकचे बेअरिंग दुसऱ्या कुणीतरी तपासलेले चांगले. व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात आलं की त्यावरचा फ्रेम नंबर तुमच्या रबिंगशी अक्षर न अक्षर ताडून बघा, एखादा आकडा चुकला असेल तर लगेच दुरुस्तीला परत पाठवा, आणि त्यानंतरच इन्शुरन्सवाल्यांशी गाडीची किंमत आधीच ठरवून त्या किमतीची पॉलिसी करा.