लिनक्स होस्टिंग सर्व्हरवर डिस्क फुल होणं

डिस्क फुल होणं म्हणजे सर्व्हरच्या एखाद्या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी रचना) नवीन काहीही लिहायला जागा न उरणं. लिनक्स अशा वेळी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा एरर देतं, त्याचा नंबर 28, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एरर लॉगमध्येही बऱ्याचदा नुसता हा 28 च दिसतो. गोंधळ असा की हा एकच एरर तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो: खरोखर जीबी संपले म्हणून, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपले म्हणून, किंवा उडवलेली फाइल कुणीतरी अजून उघडी धरून बसलंय म्हणून. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे कुठली जागा संपली ते कळायच्या आधी आरएम (फाइल उडवणारी कमांड) मारणं हा या प्रकरणातला सगळ्यात महाग पडणारा उद्योग आहे, कारण जागा होत नाही आणि डेटा मात्र जातो.

लक्षणं पहिल्यांदा डिस्ककडे बोट दाखवत नाहीत. सेशन फाइलमध्ये ठेवणाऱ्या साइटवर पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा लॉगिनचंच पान येतं कारण सेशनची फाइल लिहिली जात नाही, मेल यायचे थांबतात, एसएसएल सर्टिफिकेट रिन्यू होत नाही, डेटाबेस बंद न पडता नुसता अडकून राहतो. बॅशमध्ये टॅब दाबला की तात्पुरती फाइल बनवता येत नाही अशी तक्रार येते, ही तर अगदी हमखास खूण. या अवस्थेत कॉन्फिग फाइल एडिट करायला जाऊ नये, काही प्रोग्राम आधी जुनी फाइल रिकामी करतात आणि मग नवीन लिहायला जातात, लिहिता आलं नाही की हातात शून्य बाइटची फाइल उरते.

सुरुवात डीएफ -एच ने करायची. डीएफ आणि डीयू दोन्ही कमांड 1971 सालच्या पहिल्या युनिक्सपासून आहेत आणि आजही पहिलं काम त्यांचंच. डीएफ फाइलसिस्टिमला विचारतं की किती ब्लॉक (डिस्कच्या जागेचे तुकडे) वापरात आहेत, डीयू एकेक फोल्डर चालत जाऊन फाइली मोजतं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तो फरकच आपल्याला कारण सांगतो, ते पुढे येईल. ईएक्सटी4 या फाइलसिस्टिमवर डीएफचं गणित तसंही जुळत नाही, कारण बाय डिफॉल्ट 5 टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिन युजरसाठी, राखून ठेवलेले असतात, म्हणजे 100 जीबीच्या डिस्कवर 5 जीबी. म्हणून वेबसाइट आणि मायएसक्यूएल अडकलेले असले तरी रूटने लॉगिन होतं आणि काम करता येतं. हा हिस्सा ट्यून2एफएस -एम ने कमी करता येतो, पण सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनवर तो राहू द्यावा, अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर रूटसाठी असा राखीव हिस्सा नसतो.

जीबी संपले असतील तर डीयू -एक्स -एच --मॅक्स-डेप्थ=1 / आणि त्याला पाइप करून सॉर्ट -एच, म्हणजे शेवटी एकूण बेरीज आणि तिच्या लगेच वर सगळ्यात मोठं फोल्डर दिसतं, मग त्यात शिरून पुन्हा तेच. -एक्स विसरायचं नाही, नाहीतर डीयू दुसऱ्या माउंटमध्येही (जोडलेल्या दुसऱ्या डिस्कमध्येही) शिरतं आणि आकडे भलतेच येतात. एनसीडीयू हे टूल आधीपासून टाकलेलं असेल तर हेच काम बाणाच्या बटणांनी होतं. डीयू प्रत्येक फाइलला हात लावतं त्यामुळे भरगच्च सर्व्हरवर साइट हळू होऊ शकते, डिस्कचा शेड्युलर साथ देत असेल तर आयओनाइस -सी3 (बाकीच्यांना आधी डिस्क देणारी कमांड) लावून चालवावं.

होस्टिंगवर जागा खाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. /व्हार/लॉग, मायएसक्यूएलच्या बायनरी लॉग फाइली (डेटातल्या बदलांची नोंद), वर्डप्रेसची डीबग लॉग जी कुणीतरी चालू करून विसरलेलं असतं, आणि बॅकअप प्लगइनने साइटच्याच फोल्डरमध्ये साठवलेल्या झिप. या झिपबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्या पब्लिक फोल्डरमध्ये असतील आणि कुणी नाव ओळखलं तर अख्खा डेटाबेस डाउनलोड होऊ शकतो, आणि डिस्क गेली तर मूळ साइटबरोबर त्याही जातात, म्हणून त्या आधी दुसऱ्या मशीनवर हलवायच्या आणि मगच इथून काढायच्या. सिस्टिमडीचा जर्नल (सिस्टिमची लॉग) बाय डिफॉल्ट फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, पण 4 जीबीच्या वर जात नाही, तो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=500एम ने निर्धास्त कमी करता येतो. एपीटी क्लीनही (डाउनलोड केलेली पॅकेजेस काढणारी कमांड) तसंच, त्यात गमवायचं काही नाही.

मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये मात्र आरएम कधीच नाही. 8.0 पासून बायनरी लॉग बाय डिफॉल्ट चालू असतो आणि 30 दिवस ठेवला जातो, जास्त लिखाण असलेल्या दुकानाच्या साइटवर हे सहज मूळ डेटाबेसपेक्षा मोठं होतं. ते मायएसक्यूएलमध्ये शिरून पर्ज बायनरी लॉग्ज म्हणूनच काढायचं, आणि रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) असेल तर ती कुठपर्यंत वाचून झालीय ते आधी बघायचं. टेबलमधल्या ओळी डिलीट केल्याने डिस्कवर जागा परत मिळत नाही, त्यासाठी ऑप्टिमाइझ टेबल लागतं, आणि त्याला साधारण त्या टेबलाएवढी मोकळी जागा आधी लागते, म्हणजे डिस्क भरलेली असताना तो मार्ग बंदच.

लॉग मोठी झाली असेल तर ती उडवण्याआधी का वाढली ते बघावं. ॲक्सेस लॉगमधून एडब्ल्यूकेने पहिला कॉलम काढून सॉर्ट, युनिक -सी आणि पुन्हा सॉर्ट -आरएन केलं की कुठल्या आयपीवरून मारा चालू आहे ते लगेच दिसतं, बहुतेक वेळा वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर पासवर्ड आजमावणारे बॉट निघतात. पण मोठी फाइल असली की सॉर्ट स्वतःच /टीएमपीमध्ये तात्पुरत्या फाइली लिहितं, आणि तिथे जागा नसली की तेही अडकतं, म्हणून आधी टेल -एन 100000 ने शेवटचा भागच घ्यायचा. जीझिपलाही नवीन फाइलसाठी जागा लागते, त्यामुळे लॉग जपून ठेवायची असेल तर तिथल्या तिथे दाबत न बसता टार करून एसएसएचमधून सरळ दुसऱ्या मशीनवर पाठवणं बरं.

आता दुसरं कारण. डीएफ -एच मध्ये निम्मी डिस्क मोकळी दिसते आणि तरीही 28 येतो, तेव्हा डीएफ -आय बघायचं. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, फाइल 10 बाइटची असो की 10 जीबीची. ईएक्सटी4 वर डिस्क फॉरमॅट करतानाच आयनोडची संख्या ठरते, सर्वसाधारणपणे दर 16 केबीला एक, म्हणजे 20 जीबीच्या डिस्कवर साधारण 13 लाख, आणि नंतर डिस्क न वाढवता ती वाढत नाही. एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवतं त्यामुळे तिथे हा त्रास कमी. संपवणारे नेहमीचेच, पीएचपीच्या सेशन फाइली, पान कॅश करणारे प्लगइन आणि एक्झिम या मेल सर्व्हरची क्यू, जिथे प्रत्येक मेलच्या किमान दोन फाइली असतात. डेबियन आणि उबुंटूवर जुनी सेशन साफ करायचं काम पीएचपी स्वतः करत नाही, वेगळा टायमर करतो, आणि ॲपने कोडमधूनच सेशनसाठी दुसरं फोल्डर दिलं असेल तर टायमरला ते माहीतच नसतं, तिथे लाखो फाइली साठत राहतात.

फोल्डर शोधायला डीयू --आयनोड्स. अशा फोल्डरमध्ये एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) लटकतं कारण ते आधी सगळी नावं क्रमाने लावतं, एलएस -एफ (स्मॉल एफ) लावत नाही म्हणून पटकन सुरू होतं. आरएम आणि चांदणी (*) केली की आर्ग्युमेंट लिस्ट फार लांब झाली असा एरर येतो, तिथे फाइंड वापरायचं: वयाची अट -एममिन +1440, म्हणजे एक दिवसापेक्षा जुन्या, आधी -प्रिंटने यादी बघायची आणि मगच -डिलीट. हे -डिलीट कायम शेवटी लिहायचं, फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासत जातं, ते आधी आलं तर अट बघायच्या आधीच सगळं जातं. मराठी साइटवर आणखी एक प्रकार होतो, लोकांनी देवनागरी नावाचे फोटो आणि पीडीएफ चढवलेले असतात आणि सर्व्हरचं लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-8 नसेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा आकड्यांची माळ दिसते, नाव टाइप करणं अशक्य. तिथे एलएस -आय ने आयनोड नंबर बघून फाइंड -एक्सडेव्ह -आयनम ने नेमकी तीच फाइल पकडता येते.

तिसरं कारण सगळ्यात जास्त चकवतं. 12 जीबीची ॲक्सेस लॉग आरएमने काढली, डीयूमध्ये ती नाही, डीएफमध्ये आकडा जागचा हललेला नाही. आरएम फक्त नाव काढतं, फाइल उघडी असलेली शेवटची प्रोसेस ती सोडेपर्यंत ब्लॉक मोकळे होत नाहीत. एलएसओएफ +एल1 (कॅपिटल एल) अशा सगळ्या फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस दाखवतं. अपाचे असेल तर ग्रेसफुल रिस्टार्ट, एनजिनएक्सला यूएसआर1 सिग्नल, की लॉग नव्याने उघडली जाते आणि जागा परत येते. रिस्टार्ट अजिबात परवडत नसेल तर /प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधून ट्रंकेट -एस 0 ने फाइल रिकामी करता येते. खरं तर चालू लॉगला सुरुवातीपासून ट्रंकेटच करायचं असतं, आरएम नाही. जुन्या लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटची कॉपीट्रंकेट सोयही तेच करते, फक्त प्रोग्राम अपेंड मोडमध्ये लिहीत नसेल तर तो जुन्याच जागेपासून पुढे लिहितो आणि एलएसमध्ये फाइल प्रचंड पण डीयूमध्ये छोटी दिसते.

आधीच कळावं म्हणून क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) डीएफ आणि डीएफ -आय दोन्ही तपासणारी छोटी स्क्रिप्ट ठेवतात, 80 ते 85 टक्क्यांना इशारा देणारी. 100 ला दिलेला इशारा पोचत नाही, मेल आधी त्याच डिस्कवरच्या क्यूमध्ये लिहावा लागतो. डिस्क वाढवायचीच वेळ आली तर पॅनेलमध्ये साइज वाढवून भागत नाही, आत येऊन ग्रोपार्टने पार्टिशन आणि मग रिसाइझ2एफएस किंवा एक्सएफएस_ग्रोएफएसने फाइलसिस्टिम वाढवावी लागते, ही दोन्ही कामं साइट चालू ठेवून होतात. साइज कमी करायची असेल तर मात्र ईएक्सटी4 आधी अनमाउंट करावी लागते.