मारुतीचं इंजिन पाठीमागे: स्वस्तातल्या मिड-इंजिन गाडीची पार्श्वभूमी

मिड-इंजिन गाडी म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे रविवारी सकाळी सी-लिंकवरून गुरगुरत जाणारी फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी येते. त्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मारुतीचं इंजिन उचलायचं, ते ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवायचं आणि ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानावरच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर वेळेशी होणाऱ्या शर्यतीला, उतरायचं, असं कुणी म्हणालं की समोरचा हसतो. इतिहास पाहिला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवायची पद्धत रेसिंगमध्ये रुजली, तीच मुळी खिशात पैसे नव्हते म्हणून.

तसं पाहिलं तर १९३४ पासून जर्मनीच्या ऑटो युनियनने फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून सोळा सिलिंडरचं इंजिन मागे असलेल्या गाड्या पळवल्या होत्या. त्यामागे नाझी सरकारचा पैसा होता. युद्धात ते सगळं बुडालं आणि नंतर बहुतेकांनी पुन्हा इंजिन पुढेच ठेवलं. अशात १९४६ साली लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये गॅरेज चालवणारे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी ५०० सीसीच्या स्वस्त शर्यतींसाठी एक गाडी जोडली. फियाट टोपोलिनो या चिमुकल्या गाडीचा पुढचा भाग कापून घेतला, दुसऱ्या टोपोलिनोचाही तसाच घेतला, आणि दोन्ही पाठीला पाठ लावून जोडले. पुढचं सस्पेन्शनच मागेही आलं. इंजिन मोटरसायकलचं, जॅप कंपनीचं, एका सिलिंडरचं. या इंजिनाची ताकद चाकापर्यंत चेनने जायची आणि चेन लांब ठेवून चालत नाही, म्हणून इंजिन मागच्या चाकांलगत, ड्रायव्हरच्या पाठीशी. वजनाच्या वाटणीचा कुठलाही सिद्धांत बापलेकांनी मांडला नव्हता. हाताशी जे सामान होतं त्यानेच इंजिनाची जागा ठरवली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने छोट्या कूपरमधून मोठ्या इंजिनांच्या फेरारींना हरवलं, १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता झाला, आणि १९६१ पर्यंत फेरारीनेही फॉर्म्युला वनमध्ये इंजिन मागे नेलं. गॅरेजवाल्याने दाखवलेली वाट श्रीमंतांनी उचलली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

ऑटोक्रॉसला ही मांडणी का मानवते ते समजायला सोपं आहे. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हात लांब करून धरा आणि गर्रकन वळा. मग त्याच बादल्या अंगाशी धरून वळून पाहा. इंजिन दोन ॲक्सलच्या मध्ये आलं की गाडीला वळायला आणि वळणं थांबवायला कमी जोर लागतो, शिवाय ताकद ज्या मागच्या चाकांना जाते त्यांच्यावर वजनही असतं. ऑटोक्रॉसमध्ये शर्यत असते ती वेळेशी. अमेरिकेत डांबरी मैदानावर शंकू मांडून, तिथे प्रत्येक पडलेल्या शंकूला दोन सेकंदांचा दंड. ब्रिटनमध्ये गवतावर, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा मातीत. कुठेही असो, गाडी फारशी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. इथे वेळ मिळतो तो डावीकडून उजवीकडे पटकन वळण्यात, त्यामुळे कमी ताकदीच्या हलक्या गाडीला खरी संधी इथेच आहे.

घरी बांधणाऱ्याची मुख्य अडचण मात्र गिअरबॉक्सची. इंजिन मागे ठेवलं तर त्याला जोडायला डिफरन्शियलसकट (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासकट) गिअरबॉक्स हवा, आणि रेसिंगचा गिअरबॉक्स साध्या माणसाच्या आवाक्यात कधीच नव्हता. ही गाठ सोडवली ती बाजारहाटाच्या गाड्यांनी. १९५९ च्या मिनीने इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, ठेवून पुढची चाकं फिरवली. १९६४ साली फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांनी ऑटोबियांची प्रिमुलामध्ये आडव्या इंजिनाच्या टोकालाच गिअरबॉक्स जोडला, आणि १९६९ च्या फियाट १२८ नंतर जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच वळणावर गेल्या. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळं एकाच गठ्ठ्यात. तो गठ्ठा तसाच उचलून सीटच्या मागे सरकवला की मिड-इंजिन गाडी तयार. फियाटने स्वतः १९७२ च्या एक्स वन-नाइनमध्ये १२८ चा गठ्ठा असाच वापरला, टोयोटाने १९८४ च्या एमआर-टूमध्ये कोरोलाचा. त्याआधी, १९६६ साली, लोटस युरोपामध्ये लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी रेनॉ १६ चं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारं, इंजिन उलटं फिरवून मागे बसवलं. नुसतं फिरवलं असतं तर गाडीला मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एक मिळाला असता, म्हणून डिफरन्शियलचं क्राऊन व्हील, म्हणजे मोठं दातेरी चाक, दुसऱ्या बाजूला घ्यावं लागलं. आडवा गठ्ठा न फिरवता सरळ मागे सरकवला तर ही भानगडच उद्भवत नाही.

आता मुंबईकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली, तीच नंतरची पद्मिनी. दणकट, दुरुस्तीला सोपी, पण इंजिन पुढे, लांब शाफ्ट आणि मागे सलग ॲक्सल. अँबॅसिडरचंही तेच. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, हौशी लोक घरच्या गाड्या सोलून हलक्या करायचे. हात आणि डोकं दोन्ही होतं. मागे सरकवता येईल असा गठ्ठा देशात नव्हता, आणि आयातीचे दरवाजे बंद होते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद. लोकांनी तिच्यात कुटुंबाची गाडी पाहिली, पण जाकोसांची मांडणी तिच्याबरोबरच घरोघरी पोहोचली. १९९३ च्या झेनमध्ये ॲल्युमिनियमचं ९९३ सीसी इंजिन आलं, १९९४ च्या एस्टीममध्ये १.३ लिटरचं, आणि एस्टीम तर आपल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं धावली. मारुतीची ही इंजिनं मूळची सुझुकीची; जपानमध्ये याच घराण्याचं काय झालं पाहा: १९९२ साली माझदाने ऑटोझॅम एझेड-वन विकायला काढली, पंखांसारखी दारं वर उघडणारी चिमुकली मिड-इंजिन गाडी, आणि तिच्या पाठीत सुझुकीचं ६५७ सीसी तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. आपल्याकडे तोवर कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या यंत्रसामग्रीवर फॉर्म्युला मारुतीच्या एकासनी रेसगाड्या बांधल्या होत्या. पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत त्याच वर्गातली.

घरी बांधणाऱ्यांना बळ मिळालं १९९६ साली, रॉन चॅम्पियन या ब्रिटिश शिक्षकामुळे. अवघ्या अडीचशे पौंडांपासून चौकोनी पाइपाची स्पोर्ट्स कार बांधता येते हे त्यांनी पुस्तकात मोजमापांसकट मांडलं. त्यांची गाडी पुढे इंजिन असलेली, लोटस सेव्हन या उघड्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वळणाची. पण बाजारातला साधा पाइप, जिचे भाग काढून घ्यायचे अशी एक जुनी गाडी आणि वेल्डिंग मशीन एवढ्यावर काम होतं ही खात्री मिड-इंजिनवाल्यांनीही घेतली. आपल्या शेजारी अलिबागला चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटर इंजिन घालून त्याच वळणाची रोडस्टर बांधली. दिलीप छाब्रियांच्या डीसीने २०१२ साली दाखवलेली अवंती खरी मिड-इंजिन होती, रेनॉच्या दोन लिटर टर्बो इंजिनाची, पण ती स्वस्तातली गोष्ट नव्हे.

कुर्ल्यात सीएसटी रोडला गेलात तर पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरून ठेवणारी चौकट), इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट असा पूर्ण संच एकाच गाडीचा मागा. सुटे तुकडे स्वस्त वाटतात आणि शेवटी महाग पडतात. खरी काळजी घ्यायची ती टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगवरून चाकं वळवणाऱ्या दांडीची. पुढची चाकं मागे आली, पण वळायची सवय घेऊनच आली. म्हणून टाय रॉडच्या जागी चासीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्की बांधलेली दांडी लागते, आणि ती दांडी लांबीने नि उंचीने सस्पेन्शनच्या खालच्या आर्मशी जुळलेली हवी. जुळली नाही तर खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप तिरकं होतं आणि ड्रायव्हरने स्टिअरिंग न हलवता गाडी मागून वळते. मातीतल्या ट्रॅकवर तर ती सरळ गरकन फिरते. चासीचं वेल्डिंग ग्रिल बनवणारा मिस्त्री उत्तम करू शकतो, पण त्याला एक गोष्ट बजावावी लागते: आधी सगळ्या जोडांना नुसते टाके मारायचे, मग एक जोड इकडचा, एक तिकडचा असं भरत जायचं. एका बाजूने सलग वेल्ड केलं की फ्रेम पिळवटते. रेडिएटर पुढे ठेवला तर लांब पाइपांत हवा अडकते, तेव्हा सर्वांत उंच जागी हवा काढायचा नळ हवाच.

एवढं सगळं हाताशी असूनही मुंबईत अशा गाड्या कमी का? पैसा आणि सामान हे त्याचं कारण नाही असं माझं ठाम मत आहे. एक तर जागा नाही. दुसरं म्हणजे कागद. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, आणि ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. ब्रिटनमध्ये एकट्याने बांधलेल्या एका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणता येतं. आपल्याकडची घरची गाडी टेम्पोत चढवून ट्रॅकवर न्यावी लागते, म्हणजे गाळ्याच्या भाड्यावर टेम्पोचं भाडं.

ही वाट सध्या सर्वांत नेटाने चालतायत इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेत ऑटोक्रॉस हा गुणांचा एक भाग आहे, आणि पेट्रोलवरच्या जवळपास सगळ्याच गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे असतं. विद्याविहारचं सोमय्या, पार्ल्याचं संघवी, पवईचं आयआयटी, सगळ्यांचे संघ आहेत. भारतीय संघांत चाकणला बनलेलं केटीएमचं ३७३ सीसी इंजिन लोकप्रिय आहे, म्हणजे पुन्हा मोटरसायकलचं इंजिन, पुन्हा चेन. पवईवाले विजेवर गेले.

घरी बांधणाऱ्याने आज ८०० च्या मागे लागू नये. तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, चांगला संच मिळणं अवघड होत चाललंय. त्याच ७९६ सीसी घराण्याचं इंजिन आल्टोमध्ये २०२३ पर्यंत येत होतं, आणि अपघातात मागून चेपलेली आल्टो आपल्या कामासाठी सर्वांत उत्तम: पुढचा गठ्ठा शाबूत असतो.